जाड्या-रड्याचं खातं बदललं

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत दोन विजेच्या खांबांमध्ये पांढरी चादर ताणून सिनेमा दाखवायचे. चादरीच्या पुढे सतरंज्या. त्यांवर आयाबाया, म्हातारी माणसं आणि पाळी संपवून आलेले मिलवाले. आम्ही पोरं चादरीच्या मागे. पुढे बसलो की कोणीतरी अभ्यासाची आठवण काढून घरी पिटाळायचं, मागच्या अंधारात कोणाला पत्ता लागत नसे. फक्त मागून सगळं उलटं दिसायचं. इंग्रजी अक्षरं उलटी, पण ती सुलटी असती तरी कुठे वाचता येत होती. अमेरिकेतल्या मोटारी उजवीकडून चालतात, त्या आम्हाला आपल्याकडच्यासारख्या डाव्या बाजूने दिसत. आणि सैनिक डाव्या हाताने सलाम ठोकत.

माझ्या डोक्यात पंचेचाळीसेक वर्षं रुतून बसलेलं एक दृश्य असं उलटंच आहे. एक जाडा शिपाई रांगेत ताठ उभा आहे. साहेब तपासणी करत एकेकापुढून येतो आहे. आणि जाड्याच्या पँटमध्ये एक जिवंत कावळा आहे. जाड्याला हलायची सोय नाही आणि कावळ्याला हलल्याशिवाय राहवत नाही. चादरीच्या पलीकडून हसण्याचा जो लोंढा आला होता, तो मला अजून ऐकू येतो. हसणाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते. चादर हलत होती, आणि ती वाऱ्याने हलते की हसण्याने, हे कळत नव्हतं.

जाड्या-रड्या हे लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीचं आपल्या घरातलं नाव. ऑलिव्हर हार्डी जाड्या. स्टॅन लॉरेल रड्या, कारण गोष्ट अंगाशी आली की तो डोक्यावरचे केस ओढत लहान पोरासारखा रडायला लागतो. गल्लीतली हिंदी मंडळी त्यांना मोटू-पतलू म्हणत. मराठीने नुसती अंगकाठी पाहिली नाही, एकाचा स्वभावही पाहिला, याचा मला उगाच अभिमान वाटत आलेला आहे.

तो कावळ्याचा सिनेमा कुठला, हे कळायला फार वर्षं गेली. त्याचं नाव 'ग्रेट गन्स', ऑक्टोबर १९४१ मध्ये आलेला. नाव कळलं त्याच दिवशी दुसरीही गोष्ट कळली, ती अशी की लॉरेल-हार्डीवर जीव टाकणारे जाणकार या सिनेमाचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्यांच्या हिशेबात खरे लॉरेल-हार्डी १९४० साली संपले. त्या वर्षी त्यांनी हॅल रोच यांचा स्टुडिओ सोडला, आणि पुढे ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्समध्ये जाऊन जे केलं, ती त्यांची उतरण. 'ग्रेट गन्स' ही तिची पहिली पायरी. म्हणजे माझ्या लहानपणीचा सगळ्यांत भारी सिनेमा हा तज्ज्ञांच्या यादीत तळाशी निघाला. जरा लागलंच मनाला. मग ठरवलं की एकदा सरळ बाजूने बघू.

एकट्याने बघण्यात अर्थ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी तात्या राहतात. आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणतो. ते मिलच्या साळखात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि गणपतीत ती चादर ताणायचं कामही त्यांचंच असायचं. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "एवढुशा पडद्यावर काय दिसून राहणार आहे? जिलबी आणली का?" आणली होती. इंदुरात कोणाकडे सकाळी रिकाम्या हाताने जात नाहीत.

परदेशीपुरा हा मिलच्या भोंग्यावर वाढलेला भाग. होळकर दरबाराने एकोणिसाव्या शतकातच इंदुरात कापडाची पहिली गिरणी काढली. पुढे मालवा, हुकूमचंद, स्वदेशी, कल्याण, राजकुमार, भंडारी अशा मिल उभ्या राहिल्या, आणि पाटणीपुरा, परदेशीपुरा, नंदानगर हा सगळा पट्टा कामगारांनी भरला. मराठी माणूस उत्तरेकडून आलेल्याला परदेशी म्हणत आलाय. आमच्या गल्लीत मात्र कोण परदेशी आणि कोण घरचा, याचा निकाल कधीच लागला नाही. खानदेशातले, उत्तर प्रदेशातले, माळव्याच्या खेड्यांतले, सगळे एकाच नळावर भांडायचे. हुकूमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. बत्तीस वर्षं. एवढ्या काळात गल्लीतली कित्येक नावं भिंतीवरच्या फोटोंत गेली. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, मात्र अजून निघतात. मिलमध्ये सूत नाही, पण मिलच्या नावाने राक्षस, देव आणि फिरणारी चक्रं रात्रभर इंदूरभर हिंडतात.

आता जाड्या-रड्याकडे वळतो. त्यांचं काम कसं चालायचं ते कळल्याशिवाय काय बिघडलं ते कळणार नाही.

स्टॅन लॉरेल मूळचा इंग्लंडमधल्या उल्व्हरस्टनचा, जन्म १८९०. फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीत तो चार्ली चॅप्लिनचा बदली नट होता. चॅप्लिन आजारी पडला तर हा उभा राहणार, असा करार. मिलच्या भाषेत बदलीवाला. हार्डी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला, १८ जानेवारी १८९२ चा. दोघेही हॅल रोच यांच्या स्टुडिओत वेगवेगळी कामं करत होते, १९२७ मध्ये त्यांची जोडी लागली. पुढची बारा-तेरा वर्षं कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या त्या छोट्या स्टुडिओत त्यांनी जे केलं, त्यावर त्यांचं सगळं नाव उभं आहे. 'द म्युझिक बॉक्स' या १९३२ च्या छोट्या पटात ते एक पियानो जिन्याने वर चढवतात, एवढीच गोष्ट. त्याला ऑस्कर मिळालं.

पडद्यावर रड्या मठ्ठ आणि जाड्या शहाणा. पडद्यामागे नेमकं उलटं. तिथलं डोकं लॉरेलचं. विनोद रचणाऱ्या मंडळींबरोबर तो बसायचा, दिग्दर्शक कोणी असला तरी प्रसंग कसा फुलवायचा ते ठरवायचा, आणि शूटिंग संपलं की संकलकाशेजारी जाऊन बसायचा. हार्डी पाच वाजता गोल्फ खेळायला मोकळा. लॉरेलला हार्डीच्या दुप्पट पगार होता आणि हार्डीला त्यात गैर वाटत नसे, कारण जास्तीचं काम कोण करतो हे त्याला दिसत होतं. असे जोडीदार कमी.

रोचकडे ते सिनेमा शक्यतो गोष्टीच्या क्रमानेच चित्रित करायचे. पहिला प्रसंग पहिला, दुसरा दुसरा. कारण पहिल्यात काय सापडेल त्यावर दुसरा बदलायचा असे. सिनेमा तयार झाला की तो आधी एखाद्या थिएटरात खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांना दाखवायचे आणि लोक कुठे किती वेळ हसतात ते पाहायचे. मग परत येऊन कापाकापी. हसण्यात पुढचं वाक्य बुडतंय? मग तिथे हार्डीचा कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा थोडा लांबवा. तो प्रसिद्ध चेहरा, नेकटायशी चाळा करत आपल्याकडे बघून ‘बघताय ना माझं नशीब’ म्हणणारा, हा अभिनय तर आहेच, शिवाय हसून घ्यायला सोडलेली जागाही आहे. म्हणून हे सिनेमे घरी एकट्याने पाहिले की संथ वाटतात. त्यांच्या मापात शेपाचशे माणसांचं हसणं धरलेलं आहे. परदेशीपुऱ्याच्या चादरीपुढे ते बरोबर बसत होते याचं कारणही हेच.

रोचशी सगळं गोड होतं असं मात्र नाही. लॉरेलचे त्यांच्याशी खटके उडत. दोघांचे करार रोच यांनी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी संपतील असे केलेले, त्यामुळे जोडी म्हणून एकत्र सौदा करणं अवघड. १९३८ मध्ये तर लॉरेलला काढलंच होतं. मधल्या काळात हार्डीने लॉरेलशिवाय, एका हत्तीबरोबर 'झेनोबिया' केला. रोच यांनाही आता मोठे, गंभीर सिनेमे काढायचे होते, स्टाइनबेकच्या कादंबरीवरचा 'ऑफ माइस अँड मेन' त्यांनी १९३९ मध्ये काढलाच. शेवटी 'सॅप्स ॲट सी' करून दोघे बाहेर पडले. स्वतःची कंपनी काढली होती, आता आपल्या मनासारखं करू, या हिशेबाने. स्वतःच्या मर्जीने काम करायला मिळावं म्हणून ते जिथे गेले, तिथे त्यांची मर्जी कोणी विचारली नाही.

तिकडे ‘बी’ सिनेमा नावाचा प्रकार असे. एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत होती, त्यातला दुय्यम, स्वस्तातला तो ‘बी’. फॉक्समध्ये त्याचं वेगळं खातंच होतं आणि सॉल वुर्ट्झेल त्याचे प्रमुख. वेळेत, पैशांत, ठरल्या लांबीचा माल काढायचा. लेखक वेगळे, त्यांनी लिहून द्यायचं, नटांनी बोलायचं. क्रमाने चित्रीकरण नाही, प्रेक्षकांपुढची चाचणी नाही, संकलकाच्या खोलीत लॉरेलला खुर्ची नाही. रंगभूषेचासुद्धा नियम बदलला. रोचकडे दोघांचे चेहरे फिकट, जवळजवळ विदूषकासारखे रंगवायचे. फॉक्सला सगळं ‘खरं’ दिसायला हवं होतं. त्यामुळे एकावन्न वर्षांचा लॉरेल एकावन्नचा दिसला आणि सगळ्या सुरकुत्या कॅमेऱ्यात आल्या. आणि हे दोघे सिनेमात काय होणार? तर सैन्यात नवे रंगरूट!

त्यामागे कारण होतं. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला आणि घराघरांतून तरुण पोरं उचलली जाऊ लागली. जानेवारी १९४१ मध्ये युनिव्हर्सलने बड ॲबट आणि लू कॉस्टेलो या नव्या जोडीला घेऊन 'बक प्रायव्हेट्स' काढला आणि तो तुफान चालला. फॉक्सने तेच माप घेतलं. दिग्दर्शनाला माँटी बँक्स आणले, तेही जुन्या मूकपटांतले विनोदी नट. मूळचे इटालियन. युद्धामुळे ते इंग्लंडमध्ये शत्रुदेशाचे नागरिक ठरत होते, म्हणून बायकोसह, म्हणजे गायिका ग्रेसी फील्ड्ससह, अटलांटिक ओलांडून आलेले. या सिनेमातही परदेशी होतेच.

गोष्ट अशी. एक श्रीमंत पोरगा आहे, डॅन. त्याच्या आत्यांनी आणि डॉक्टरने त्याला कायमचा आजारी ठरवून ठेवलंय. जाड्या-रड्या त्याच्या घरचे नोकर. त्याला लष्कराचं बोलावणं येतं, तो आनंदाने जातो, आणि हे दोघे त्याला जपायला म्हणून मागोमाग भरती होतात. तिथे तो ठणठणीत. फोटोच्या दुकानातल्या मुलीवर त्याचं प्रेम बसतं, सार्जंटचाही तिच्यावर डोळा असतो. पेनेलपी नावाची कावळी रड्याने पाळलेली आहे. दुकानात फोटो घ्यायला येणारा एक शिपाई ओळखीचा वाटला तर तो ॲलन लॅड. पुढच्याच वर्षी तो मोठा स्टार झाला, इथे मात्र आला आणि गेला.

मी तात्यांना आधी थेट हा सिनेमा दाखवला नाही. मापाला माप हवं म्हणून रोचच्या काळातला एक सैनिकी सिनेमा काढला. कारण सैन्य ही या जोडीची जुनी पेठ. 'पॅक अप युअर ट्रबल्स'मध्ये (१९३२) ते पहिल्या महायुद्धावर जाऊन येतात आणि मेलेल्या दोस्ताच्या लहान मुलीचे आजी-आजोबा शोधत फिरतात. आडनाव स्मिथ, शहर न्यू यॉर्क. आपल्याकडे पुण्यात कुलकर्ण्यांचं घर शोधण्यासारखं. 'द फ्लाइंग ड्यूसेस'मध्ये (१९३९) फ्रेंच पलटणीत जातात. आणि 'बॉनी स्कॉटलंड'मध्ये (१९३५) चक्क हिंदुस्थानात येतात. स्कॉटलंडला वारसाहक्क घ्यायला गेलेल्या रड्याच्या वाट्याला बॅगपाइप आणि तपकिरीची डबी येते. मग चुकून पलटणीत भरती, आणि तिथून थेट सरहद्दीवरचं ठाणं. अर्थात तो हिंदुस्थान कॅलिफोर्नियातला. त्यातले खान आणि नोकरचाकर बघून हसावं की रडावं कळत नाही. तो भाग मी पुढे ढकलला.

तात्यांना दाखवला तो कवायतीचा. पलटण चालली आहे. सगळ्यांचं पाऊल एक, रड्याचं दुसरं. शेजारचा जाड्या वैतागतो, आणि सावरता सावरता त्याचंही पाऊल चुकतं, म्हणजे रड्याशी जुळतं. मग त्याच्या पुढच्याचं. मग मागच्याचं. करत करत अख्खी पलटण रड्याच्या पावलावर चालायला लागते, आणि कोणाला काही कळलेलंच नसतं. रड्याला तर नाहीच. तोंडातून शब्द नाही. तात्या आधी नुसते बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग जिलबीचा तुकडा हातात तसाच राहिला. "हा पतलू भारी आहे रे," म्हणाले. "ह्याला ठाऊकच नाही आपण काय करून राहिलो."

मग 'ग्रेट गन्स'.

पहिली दहा मिनिटं ते चहा पीत बघत होते. वीस मिनिटांनी चष्मा पुसला. सार्जंट जाड्याच्या पोटावरून टोमणा मारतो, जाड्या उत्तर देतो, रड्या मध्ये एक चटकदार वाक्य टाकतो. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण तो अडथळा आधीच्या सिनेमात कुठे आला होता? मधेच डॅन आणि त्याची मुलगी येतात, बराच वेळ राहतात. तात्या म्हणाले, "हे दोघं कोण आहेत? मोटू-पतलू कुठे गेले?" मग थोड्या वेळाने, पडद्याकडे बघतच, "खातं बदललं का ह्यांचं?"

मी त्यांना स्टुडिओचं काहीएक सांगितलेलं नव्हतं. कशावरून म्हणता, विचारलं.

"हातांवरून," म्हणाले. "त्या पहिल्यात ह्यांच्या हाताला काम होतं. इथे नुसतं बोलायला लावलंय."

मग सिनेमा थांबवायला लावून त्यांनी मला त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. अकरा वर्षं ते त्याच चार साच्यांवर होते. धोटा कुठे अडखळणार, ताण्याचं सूत कधी तुटणार, ते डोळे मिटून आवाजावरून सांगायचे. मग नवा साहेब आला, त्याने खाती फिरवली, आणि तात्यांना दुसऱ्या रांगेत पाठवलं. साचे त्याच बनावटीचे, सूतही तेच. पण प्रत्येक साच्याचा आवाज निराळा असतो, आणि हे साचे दुसऱ्याच्या कानाचे होते. पहिल्या महिन्यात त्यांचं कापड डागी निघालं. "मी काय विणायचं विसरलो होतो?" एवढं विचारून ते थांबले, आणि मला म्हणाले, "लाव पुढे."

तात्यांचं म्हणणं मी नंतर ताडून पाहिलं. ते बरोबर होतं, फक्त एक भर घालायला हवी. रोचच्या सिनेमांतली माणसं जाड्या-रड्याला खुळे म्हणून वागवत नाहीत. बायका त्यांच्यावर चिडतात, पोलीस मागे लागतात, मिशीवाला जेम्स फिनलेसन एक डोळा बारीक करून त्यांच्याकडे बघतो, पण सगळे त्यांना आपल्याच जगातले समजतात. तिथे सगळं जगच थोडं वेडं असतं. फॉक्सच्या सिनेमात जग शहाणं झालं आणि हे दोघे तेवढे खुळे उरले, ज्यांना बाकीचे सांभाळून घेतात किंवा हिणवतात. एकदा असं झालं की जाड्याचा तो डौल, टोपी सावरणं, करंगळी उचलून धरणं, सगळं केविलवाणं दिसतं. 'ग्रेट गन्स' बघताना मला हसू कमी आलं ते विनोद जुने म्हणून नाही. मला त्यांची कीव यायला लागली, आणि कीव आली की हसू जातं.

प्रेमकथेचं खापर मात्र मी फॉक्सवर फोडणार नाही. रोचच्या सिनेमांतही गाणाऱ्या प्रेमिकांनी जाड्या-रड्याची जागा भरपूर खाल्लेली आहे. 'बॉनी स्कॉटलंड'मध्येच एक प्रेमप्रकरण आहे, ज्यातलं मला आता काही आठवत नाही.

आपल्याकडे अशी जोडी कुठली, हा विचार इंदुरी मराठी माणसाच्या मनात येणारच. हिंदीत तीसच्या दशकात रणजीत मूव्हीटोनमध्ये घोरी आणि दीक्षित होते. त्यांना हिंदुस्थानी लॉरेल-हार्डीच म्हणत, आणि त्यातला मनोहर दीक्षित मराठी. पण मराठीतली खरी जोडी चिमणराव-गुंड्याभाऊंची. चिं. वि. जोशींनी ती बडोद्यात, म्हणजे आमच्यासारखंच महाराष्ट्राबाहेर बसून लिहिली. गंमत बघा, चिं. विं.चा जन्म १९ जानेवारी १८९२ चा. हार्डीपेक्षा एका दिवसाने लहान. आणि या जोडीला पडद्यावर आणणारे मास्टर विनायक हेही १९ जानेवारीचेच, साल १९०६.

विनायकांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्समध्ये नाव काढलं. अत्र्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' आणि मग 'ब्रँडीची बाटली', ज्यात दामुअण्णा मालवणकरांनी बगाराम रंगवला, हे सगळं हंसचं. तिथून मंडळी १९४० मध्ये नवयुग चित्रपटात आली. म्हणजे इथेही घर बदललं. पण बदललेल्या घरातला पहिलाच सिनेमा, 'लग्न पहावे करून', हा त्यांच्या सर्वोत्तमांपैकी ठरला. दामुअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांच्या तिरळ्या डोळ्यालाच अर्धा विनोद कळायचा. फॉक्समध्ये जे झालं ते इथे झालं नाही, कारण दामुअण्णांना ओळखणारा माणूस, विनायक, त्यांच्याबरोबरच नव्या घरात आला होता. लॉरेल-हार्डीबरोबर कल्व्हर सिटीहून कोणी आलं नाही.

१९४२ मध्ये हीच जोडी 'सरकारी पाहुणे'मध्ये परत आली. आज 'लग्न पहावे करून'चं नाव निघतं तसं त्याचं निघत नाही. त्याच वर्षी विनायक नवयुगमधून बाहेर पडले, 'पहिली मंगळागौर' दुसऱ्या दिग्दर्शकाला पुरी करावी लागली. त्या सिनेमात एका तेरा वर्षांच्या मुलीने काम केलं होतं. ती इंदुरात जन्मलेली, लता मंगेशकर. असो, इंदूरचं नाव काढायची संधी इंदूरकर सोडत नाही. चिमणराव-गुंड्याभाऊ पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने पुन्हा घराघरांत आले आणि आमच्या पिढीला मूळ जोडी आजोबांकडून ऐकावी लागली.

आणखी एक इंदूरकर या विषयातला आहे. बद्रुद्दीन काझी, म्हणजे जॉनी वॉकर. इंदूरच्या मिल कामगाराचा मुलगा. वडिलांचं काम गेलं, कुटुंब मुंबईला गेलं, मुलगा बेस्टच्या बसवर कंडक्टर झाला आणि तिथून गुरुदत्तपर्यंत पोहोचला. 'बाजी' १९५१ चा. गुरुदत्तच्या सिनेमांतला जॉनी वॉकर कापडात विणलेला आहे, 'प्यासा'तला तेलमालिशवाला काढून टाकला तर कलकत्त्याचा तो रस्ताच नाहीसा होतो. पुढे दुसऱ्यांच्या कितीतरी सिनेमांत तो वरून शिवलेल्या ठिगळासारखा येतो. माणूस तोच, लकबी त्याच. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्यातलाच पोरगा."

'ग्रेट गन्स'ने गल्ला बरा जमवला, म्हणून फॉक्सने आणखी पाच काढले. मधे एम.जी.एम.साठी दोन. 'जिटरबग्स' (१९४३) त्यातल्या त्यात चांगला, हार्डीला त्यात दक्षिणेकडचा कर्नल रंगवायला मिळाला आणि लॉरेलला बाईचं सोंग. 'द डान्सिंग मास्टर्स'मध्ये एका गुंडाच्या बारक्या भूमिकेत रॉबर्ट मिचम दिसतो. 'द बिग नॉइज' (१९४४) तर १९७८ साली निघालेल्या, आजवरच्या पन्नास सर्वांत वाईट सिनेमांवरच्या एका पुस्तकात जाऊन बसला. मी तो पाहिलाय. पन्नासात धरण्याइतका वाईट नाही, ते पुस्तक लिहिणाऱ्यांनी आमच्या गल्लीच्या गणपतीत दाखवलेले बाकीचे सिनेमे पाहिलेले दिसत नाहीत. १९४५ च्या 'द बुलफायटर्स'नंतर फॉक्सचं ते खातंच बंद झालं. दोघे पुढे इंग्लंडच्या रंगमंचांवर फिरले, फ्रान्समध्ये १९५१ साली एक शेवटचा सिनेमा केला, तोही तब्येतींनी हैराण होऊन. हार्डी १९५७ मध्ये गेला. लॉरेल सांता मोनिकाच्या एका छोट्या घरात राहिला. त्याचा नंबर टेलिफोनच्या पुस्तकात होता, कोणीही फोन करावा. टीव्हीवर त्यांचे जुने सिनेमे जाहिरातींसाठी वेडेवाकडे कापून दाखवत, त्याचा त्याला फार त्रास होई. हवं तर मी फुकट कापून देतो, पण नीट कापा, असं त्याचं म्हणणं. १९६५ मध्ये तोही गेला. रोचचा कल्व्हर सिटीचा स्टुडिओ त्याच्या दोन वर्षं आधीच पाडला होता.

परत तात्यांच्या खोलीत. सिनेमा शेवटाकडे आलेला. तात्यांनी दोनदा जांभई दिली होती. कावळ्याचं दृश्य मधे येऊन गेलं होतं आणि सरळ बाजूने पाहताना मला ते लहान वाटलं, आठवणीतल्यापेक्षा निम्म्या लांबीचं. सकाळी दाढी करताना रड्या दिव्याचा बल्ब काढून हातात धरतो आणि तो हातातही जळत राहतो, तिथे तात्या जरा पुढे सरकले होते, पण तेवढंच.

आता लुटुपुटुच्या लढाईत हे दोघे विरुद्ध पक्षाच्या हाती सापडतात आणि पूल बांधायच्या कामाला जुंपले जातात. रड्या खांद्यावर एक लांब फळी घेऊन पडद्यात शिरतो. चालत जातो. फळी त्याच्या मागे, सरकतेय, सरकतेय, संपतच नाही. रड्या पडद्याच्या पलीकडे गेला. फळी अजून चाललीच आहे. अखेर तिचं मागचं टोक येतं, आणि ते टोक ज्याने खांद्यावर धरलंय तोही रड्याच.

ही गंमत फॉक्सची नाही. ती १९२८ च्या 'द फिनिशिंग टच' या त्यांच्या मूकपटातली, रोचकडची. तेरा वर्षांपूर्वीचं सूत. ते इथे कसं शिरलं, साहेबाच्या नजरेतून कसं सुटलं, की साहेबाला चाललं, कोण जाणे.

तात्या आधी काही बोलले नाहीत. चष्मा वर केला. मग ते पलंगावर एका बाजूला कलले आणि पोट धरून असे हसले की आतून सूनबाई बघायला आल्या. डोळ्यांतून पाणी. एका हाताने त्यांनी मला लॅपटॉपकडे खूण केली.

"मागे घे," म्हणाले. "परत लाव."

मी मागे घेतलं. फळी पुन्हा आली. सूनबाईही दारात थांबल्या, हातातलं पीठ तसंच. फळी संपली, रड्या आला.

"परत," तात्या म्हणाले.